डोमेन नावांचा कारभार कोणाच्या हाती? खासगी व्यवस्थेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्थेचे संकेतस्थळ सांभाळणारे कार्यकर्ते, छोटे व्यावसायिक, ग्रंथपाल आणि वकील यांच्याकडून गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. तांत्रिक शब्द रूढ आहेत तसेच ठेवले आहेत. ‘रूट झोन’ला ‘मूळ परिक्षेत्र’ म्हटल्याने कोणाला ते अधिक लवकर समजले, असा अनुभव नाही.

प्रश्न : डोमेन नाव व्यवस्था म्हणजे काय, आणि तिला कारभारी कशाला लागतो?

इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात आणि माणसे त्यांना नावांनी ओळखतात. या दोहोंची सांगड घालणारी वही म्हणजे डोमेन नाव व्यवस्था, अर्थात डीएनएस. १९७०च्या दशकात ही वही खरोखरच एक फाइल होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती अद्ययावत ठेवी आणि जाळ्यात जोडलेले प्रत्येक केंद्र तिची प्रत उतरवून घेई. यंत्रे वाढत गेली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजच्या व्यवस्थेचा आराखडा मांडला. त्यात एकच मोठी वही न ठेवता ती वाटून दिलेली आहे. नाव उजवीकडून डावीकडे वाचायचे: डॉट ऑर्गची वही कोणाकडे आहे हे रूट सांगते, त्या नावातल्या संस्थेचे सर्व्हर कोणते हे डॉट ऑर्गची रजिस्ट्री, म्हणजे ती वही ठेवणारी संस्था, सांगते, आणि पुढचे ती संस्था स्वतः सांगते.

बाकी सगळे वाटून देता आले, तरी सर्वांत वरचे पान एकच असावे लागते, कारण एकाच नावाची दोन उत्तरे मिळू लागली तर इंटरनेट एक राहत नाही. हे पान म्हणजे रूट झोन. ती फाइल आजच्या मोबाइलमधल्या एखाद्या छायाचित्राएवढीही मोठी नाही. ‘ए’पासून ‘एम’पर्यंत १३ नावांच्या रूट सर्व्हरांवरून ती वाचायला मिळते, हे सर्व्हर १२ संस्था चालवतात आणि त्यांच्या दीड हजारांहून अधिक प्रती जगभर, मुंबईतसुद्धा, ठेवलेल्या आहेत. त्या छोट्या फाइलीत कोणती ओळ लिहायची आणि कोणती खोडायची, हे ठरवण्यासाठी कारभारी लागतो.

प्रश्न : हे काम सरकारांकडे न राहता खासगी संस्थेकडे कसे गेले?

सुरुवातीला ते एका माणसाकडे होते, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधील जॉन पोस्टेल अमेरिकी सरकारच्या संशोधन कंत्राटाखाली आकडे आणि नावे यांच्या वाटपाची नोंद ठेवत. या कामाला पुढे ‘आयाना’ हे नाव पडले. १९९३ पासून नोंदणीचे रोजचे काम नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या करारान्वये नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे आले आणि सप्टेंबर १९९५ पासून तिला नावामागे वर्षाला ५० डॉलर घेण्याची मुभा मिळाली. तोवर फुकट मिळणाऱ्या नावांना भाव आला आणि त्याबरोबर मक्तेदारीची तक्रारही सुरू झाली.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी रूट सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना एक ई-मेल पाठवला. मूळ फाइल नेटवर्क सोल्यूशन्सकडून न घेता आपल्या यंत्रावरून घ्यावी, एवढेच त्यात सांगितले होते, आणि त्यांनी तसे केले. कोणाचे संकेतस्थळ बंद पडले नाही. क्लिंटन सरकारचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांना मात्र हे अजिबात रुचले नाही. ही केवळ चाचणी होती, असे सांगून पोस्टेल यांनी बदल मागे घेतला. कोणताही कायदा हाती नसताना, निव्वळ शब्दाच्या जोरावर, एक माणूस रूट इकडचे तिकडे करू शकतो हे त्या दिवशी सर्वांच्या लक्षात आले.

५ जून १९९८ रोजी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने श्वेतपत्रिका काढली आणि हा कारभार खासगी क्षेत्रातील एका नव्या, ना-नफा संस्थेकडे सोपवण्याचे धोरण जाहीर केले. आंतरसरकारी यंत्रणेचा वेग इंटरनेटला मानवणार नाही, ही त्यामागची एक धारणा होती. अमेरिकेला आपला शब्द शेवटचा हवा होता, हेही खरे, कारण पुढची १८ वर्षे वाणिज्य खात्याचा करार कायम राहिला. ३० सप्टेंबर १९९८ रोजी कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली ‘आयकॅन’ या नावाने त्या नव्या संस्थेची नोंदणी झाली आणि १६ ऑक्टोबरला पोस्टेल यांचे निधन झाले. ज्याच्या शब्दावर सारे चालत होते तो माणूस गेला. त्या शब्दाची जागा करारांना घ्यावी लागली.

प्रश्न : ‘खासगी क्षेत्र’ म्हणजे कंपन्याच ना? मग आयकॅन कोणाच्या मालकीची आहे?

आयकॅनला भागधारक नाहीत, त्यामुळे मालकही नाहीत. आपल्याकडच्या सार्वजनिक न्यासाशी तिची तुलना बऱ्याच अंशी जुळते. तिच्या संचालक मंडळावर मतदानाचा अधिकार असलेले १६ जण असतात. त्यांतले आठ नामनिर्देशन समिती निवडते. बाकीचे आयपी पत्त्यांचे, म्हणजे यंत्रांच्या आकडी पत्त्यांचे, वाटप करणाऱ्या संस्था, देशांच्या रजिस्ट्री, डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण नावांशी संबंधित गट आणि सामान्य वापरकर्त्यांची समिती यांच्याकडून येतात, तर मुख्य कार्यकारी अधिकारी पदसिद्ध असतो. सरकारांची वेगळी सल्लागार समिती आहे. तिच्यात १८०हून अधिक सरकारे आहेत, पण संचालक निवडण्याचा अधिकार तिला नाही.

खासगी कंपन्या या रचनेत दुसऱ्या बाजूला, म्हणजे करार करणाऱ्यांच्या बाजूला आहेत. रजिस्ट्री म्हणजे नावाच्या एखाद्या शेवटाची (डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या) संपूर्ण वही ठेवणारी संस्था. डॉट कॉमसाठी ती व्हेरिसाइन आहे. रजिस्ट्रार म्हणजे आपण ज्याच्याकडून नाव घेतो तो किरकोळ विक्रेता. आयकॅनचा खर्च मुख्यतः यांच्याच शुल्कातून चालतो. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे त्यांच्याच पैशावर लक्ष ठेवणाऱ्याचे घर चालते, ही या व्यवस्थेतील जुनी आणि अजून न सुटलेली गाठ आहे.

प्रश्न : ‘जबाबदार’ कारभार असे म्हणताना नेमके काय अपेक्षित असते?

याचे सर्वांत स्पष्ट उत्तर पोस्टेल यांनीच मार्च १९९४ मध्ये, आरएफसी १५९१ या टिपणात देऊन ठेवले होते. डोमेनच्या संदर्भात हक्क आणि मालकी यांची भाषा गैरलागू आहे, जबाबदारी आणि समाजाची सेवा यांची भाषा योग्य आहे, असा त्याचा आशय आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर डोमेनचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो. रजिस्ट्रीकडे असते ती वहिवाट आणि नाव घेणाऱ्याकडे असतो तो भाडेपट्टा.

वहिवाटदार आपल्याला मालक समजू लागला की काय होते, ते १५ सप्टेंबर २००३ रोजी दिसले. डॉट कॉम आणि डॉट नेट चालवणाऱ्या व्हेरिसाइनने त्या दिवशी ‘साइट फाइंडर’ नावाची सेवा सुरू केली. अस्तित्वात नसलेले नाव टाइप केले तर ‘असे नाव नाही’ हे उत्तर यायचे थांबले आणि माणूस व्हेरिसाइनच्या स्वतःच्या पानावर जाऊ लागला, जिथे शोधाची सोय आणि पैसे घेऊन दिलेले दुवे होते. वरवर पाहता ही मदतच होती. पण ‘नाव नाही’ हेसुद्धा एक उत्तर असते आणि त्या उत्तरावर कितीतरी यंत्रणा उभ्या असतात. पाठवणाऱ्याचे डोमेन खरे आहे का हे पाहून कचरा ई-मेल अडवणाऱ्या चाळण्यांना आता प्रत्येक खोटे नाव खरे वाटू लागले. कोणालाही न विचारता साऱ्या जगाच्या वहीतली कोरी पाने आपल्या जाहिरातीने भरण्यासारखा हा प्रकार होता. जगभरच्या सर्व्हर चालकांनी ती उत्तरे गाळणारे सॉफ्टवेअर काही दिवसांतच बसवून घेतले. आयकॅनने ३ ऑक्टोबरला सेवा थांबवण्याची मागणी केली, ४ ऑक्टोबरला ती थांबली आणि पुढच्या वर्षी व्हेरिसाइनने आयकॅनवर दावा लावला.

या प्रसंगापासून एक कसोटी लावता येते. रजिस्ट्री चांगली माणसे चालवतात का, हा प्रश्न दुय्यम आहे. ती चुकली तर तिला थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो वापरला जातो का, हे आधी पाहावे.

प्रश्न : डॉट ऑर्गच्या विक्रीचे प्रकरण काय होते?

या कसोटीवर घासून पाहण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण नाही, म्हणून त्याला थोडी अधिक जागा देत आहोत.

डॉट ऑर्ग हे सेवाभावी संस्था, ग्रंथालये, चळवळी यांचे घर मानले जाते. २००३ पासून त्याची वही पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही ना-नफा संस्था सांभाळते. ती इंटरनेटच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या इंटरनेट सोसायटी या संस्थेने उभी केली आणि शिल्लक उत्पन्न त्या सोसायटीच्या कामाला जाते. एक कोटीहून अधिक नावे, ठराविक किंमत आणि वर्षाला जास्तीत जास्त १० टक्के वाढीची मर्यादा, असा हा संसार बरीच वर्षे सुरळीत चालला होता.

२०१९ मध्ये करार नव्याने करताना ही किंमतमर्यादाच काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. त्यावर तीन हजारांहून अधिक हरकती आल्या आणि पाठिंबा देणारे हाताच्या बोटांवर मोजता आले असते, तरीही ३० जून २०१९ रोजी मर्यादा नसलेला करार झाला. त्यानंतर पाच महिनेही झाले नव्हते, तोच १३ नोव्हेंबरला इंटरनेट सोसायटीने जाहीर केले की ही रजिस्ट्री एथॉस कॅपिटल या नव्याने स्थापन झालेल्या खासगी गुंतवणूक कंपनीला विकली जाणार आहे. किंमत १ अब्ज १३ कोटी ५० लाख डॉलर असल्याचे नंतर कळले. आयकॅनचे माजी प्रमुख फादी शेहादे यांचा खरेदीदाराशी संबंध असल्याचेही बाहेर आले, आणि मग लोकांचा संशय केवळ किमतीपुरता राहिला नाही.

सोसायटीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. एका नावाच्या उत्पन्नावर वर्षानुवर्षे विसंबून राहण्यापेक्षा कायम निधी हाती असलेला बरा, असे तिचे म्हणणे होते, आणि कोणतीही संस्था चालवलेल्या माणसाला ते पटू शकते. अडचण वेगळी होती. ज्या डॉट ऑर्गचे पैसे करायचे होते, ते सोसायटीने बांधलेले नव्हते, तर सेवा म्हणून सांभाळायला मिळालेले होते. शिवाय या व्यवहारातील ३६ कोटी डॉलरचे कर्ज रजिस्ट्रीच्याच डोक्यावर येणार होते. म्हणजे घर विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते त्याच घरातील भाडेकरूंकडून वसूल होण्याची ती सोय होती.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि विकिमीडिया फाउंडेशनसारख्या संस्था विरोधात उभ्या राहिल्या. एथॉसने आठ वर्षे दरवाढ सरासरी १० टक्क्यांच्या आत ठेवण्याचे आणि एक देखरेख मंडळ नेमण्याचे आश्वासन दिले. वर्षाला १० टक्के म्हणजे आठ वर्षांत दुपटीहून अधिक, हा हिशेब लोकांनी लगेच मांडला. १५ एप्रिल २०२० रोजी कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता झेवियर बेसेरा यांनी आयकॅनला कडक शब्दांत पत्र पाठवले: आयकॅनची नोंदणी त्यांच्या राज्यात होती आणि ना-नफा संस्थांवर देखरेख ठेवणे हे त्यांच्या खात्याचे काम होते. ३० एप्रिलला आयकॅनच्या संचालक मंडळाने संमती नाकारली. सार्वजनिक हितासाठी बांधलेली संस्था जाऊन गुंतवणूकदारांना उत्तर देणारी संस्था येणे आणि तिच्यावरील कर्ज, ही त्यामागची प्रमुख कारणे होती.

प्रश्न : म्हणजे व्यवस्था यशस्वी ठरली, असे म्हणायचे का?

अर्धवट. नकार देण्याचा अधिकार करारात होता आणि तो वापरला गेला, हे खरे. पण तिथवर पोचायला साडेपाच महिने गेले, सेवाभावी संस्थांना ऐन महामारीत मोहीम चालवावी लागली आणि शेवटचा धक्का एका राज्य सरकारच्या अधिकाऱ्याकडून आला. खासगी कारभार जबाबदार राहण्यासाठी त्याच्या मागे एखादा चालू कायदा आणि तो वापरणारा अधिकारी असावा लागतो, असे आमचे मत या प्रकरणानंतर पक्के झाले. किंमतमर्यादा काढण्याच्या निर्णयाविरुद्ध नेमचीप या रजिस्ट्रारने स्वतंत्र पुनरावलोकनाची दाद मागितली होती. त्या पॅनेलने २०२२ च्या अखेरीस, हा निर्णय घेताना आयकॅनने स्वतःचेच नियम मोडले, असा निष्कर्ष काढला.

प्रश्न : डॉट कॉमची किंमत कोण ठरवते?

घाऊक किंमत व्हेरिसाइनला कराराच्या चौकटीत ठरवता येते आणि ती चौकट आयकॅन व अमेरिकेचे वाणिज्य खाते यांच्यासोबतच्या दोन वेगळ्या करारांतून तयार होते. २०१२ मध्ये ७.८५ डॉलरवर गोठवलेली किंमत २०१८ च्या दुरुस्तीनंतर मोकळी झाली. सहा वर्षांच्या प्रत्येक मुदतीतील शेवटच्या चार वर्षांत वर्षाला ७ टक्क्यांपर्यंत वाढ करता येते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती १०.२६ डॉलर झाली. गंभीर चूक झाल्याखेरीज करार पुन्हा त्याच कंपनीला मिळतो. निविदा निघत नाही. कामकाजातील नफ्याचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक असलेल्या कंपनीला स्पर्धेविना हे काम का मिळत राहावे, याचे समाधानकारक उत्तर आमच्या वाचनात आलेले नाही. व्हेरिसाइनकडे आल्यापासून डॉट कॉम कधी बंद पडलेले नाही, हे उत्तर नेहमी दिले जाते. ते खरे आहे आणि पुरेसे नाही.

प्रश्न : २०१६ मध्ये अमेरिकेने ताबा सोडला म्हणजे काय झाले?

रूट झोनमधील प्रत्येक बदलावर तोवर वाणिज्य खात्याची औपचारिक संमती लागे. मार्च २०१४ मध्ये त्या खात्याने ही भूमिका सोडण्याचा इरादा जाहीर केला. नंतर दोन वर्षे खल झाला. टेड क्रूझ यांच्यासारख्या सिनेटरांनी विरोध केला, चार राज्ये न्यायालयात गेली, न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी करार संपला. त्या बदल्यात आयकॅनच्या उपविधींमध्ये सहभागी गटांना संचालक काढण्याचे, अंदाजपत्रक फेटाळण्याचे आणि उपविधीतील बदल रोखण्याचे अधिकार मिळाले. या बदलानंतरची आयकॅनची पहिली मोठी बैठक नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबादला झाली.

प्रश्न : रूटची ‘किल्ली’ काही ठराविक लोकांकडे असते, हे खरे आहे का?

ही गोष्ट अनेकदा रहस्यकथेसारखी सांगितली जाते. प्रत्यक्षात ती मुद्दाम कंटाळवाणी ठेवलेली आहे. २०१० पासून रूट झोनवर डिजिटल सही असते, म्हणजे मधल्या वाटेत कोणी उत्तर बदलले तर ते ओळखू येते. त्या सहीची मुख्य किल्ली अमेरिकेतील दोन ठिकाणी, कॅलिफोर्नियातील एल सेगुंडो आणि व्हर्जिनियातील कल्पेपर येथे, तिजोऱ्यांमधील यंत्रांत ठेवलेली आहे. वर्षातून चार वेळा ती वापरून सह्या करण्याचा ‘समारंभ’ होतो. प्रत्येक ठिकाणासाठी निरनिराळ्या देशांतील सात स्वयंसेवक नेमलेले असतात आणि त्यांपैकी किमान तीन जण हजर असल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. लिहून ठेवलेल्या क्रमानुसार एकेक पायरी मोठ्याने वाचली जाते, वेळ टिपली जाते, त्यापुढे सही होते आणि सगळे कॅमेऱ्यावरून थेट दाखवले जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये एल सेगुंडोच्या एका तिजोरीचे कुलूपच उघडेना, तेव्हा समारंभ काही दिवस पुढे ढकलावा लागला आणि तसे जाहीरही करण्यात आले. अडलेले कुलूप लपवावेसे वाटले नाही, याला आम्ही या व्यवस्थेचा गुण मानतो.

प्रश्न : एखाद्या देशाला शिक्षा म्हणून त्याचे नाव रूटमधून काढता येते का?

तशी मागणी झालेली आहे. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव्ह यांनी रशियाची डॉट आरयूसह सर्व देशनावे रद्द करावीत, असे पत्र आयकॅनला लिहिले. आयकॅनचे तेव्हाचे प्रमुख योरान मार्बी यांनी २ मार्चला नकार कळवला: आपले काम इंटरनेट चालू ठेवण्याचे आहे, ते थांबवण्याचे नाही, आणि एकतर्फी नाव काढण्याची तरतूदच नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आक्रमण झालेल्या देशाला हे उत्तर कोरडे वाटले असणार. तरीही तो नकार योग्यच होता, कारण एकदा असे केले की पुढची यादी कोण करणार हा प्रश्न उरतो आणि प्रत्येक देश आपापले वेगळे रूट बांधायला लागतो.

प्रश्न : फसवणूक करणाऱ्या संकेतस्थळांचे नाव लगेच बंद का होत नाही?

डोमेन बंद करणे हे बोथट हत्यार आहे. ते वापरले की त्या नावाखालची सगळी पाने आणि सगळे ई-मेल एकदम जातात. एका खोलीत चोर शिरला म्हणून साऱ्या इमारतीचा जिना काढून घ्यावा, तसे. म्हणून मजकुराचे नियमन आयकॅनच्या उपविधींनीच तिच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. फिशिंग (खोट्या पानावर माहिती काढून घेणे), मालवेअर (घातक सॉफ्टवेअर), बॉटनेट (चोरून ताब्यात घेतलेल्या यंत्रांचे जाळे), फार्मिंग (खरा पत्ता टाकणाऱ्याला खोट्या पानावर वळवणे) आणि या प्रकारांसाठी वापरला जाणारा स्पॅम हे मात्र तांत्रिक गैरवापर मानले जातात. ५ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या करारदुरुस्तीनुसार कारवाई करता येईल असा पुरावा मिळाल्यावर रजिस्ट्रारने विनाविलंब उपाय करणे बंधनकारक आहे. तक्रार करताना पूर्ण पत्ता, वेळ आणि पडद्याचे छायाचित्र द्यावे. ‘हे फसवे आहे’ एवढ्यावर कोणी हालत नाही.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने दुसरी वाट धरली. सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर जावे, असे तिने २०२५ मध्ये सांगितले आणि ही नावे देण्याचे काम फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञानाच्या संशोधन संस्थेकडे दिले. नागरी सहकारी बँकांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात असल्याने हा बदल येथे गावोगाव पोचला. नाव खरे आहे की नाही हे ग्राहकाने ओळखावे यापेक्षा खोट्याला नावच मिळू नये, हा विचार फिशिंगपुरता तरी अधिक व्यवहार्य आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेचे नाव दुसऱ्याने घेतले तर दाद कुठे मागायची?

सर्वसाधारण नावांसाठी १९९९ पासून ‘यूडीआरपी’ ही लवादासारखी पद्धत आहे. नाव आपल्या व्यापारचिन्हासारखे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवून वापरले आहे, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. भरपाई मिळत नाही, नाव मिळते किंवा रद्द होते. डॉट इनसाठी तशीच ‘आयएनडीआरपी’ आहे. न्यायालयाचा मार्गही खुला राहतो. ‘रेडिफ’ आणि ‘रॅडिफ’ या एका अक्षराच्या फरकावरून मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मनाई हुकूम दिला होता आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते हे मान्य केले.

प्रश्न : मुदत संपली आणि नूतनीकरण राहून गेले तर?

येथे स्वतःचा अनुभव सांगतो. एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाचे नाव मी काही वर्षे सांभाळत होतो, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते ज्याने पहिले संकेतस्थळ बनवले त्याच्या जुन्या ई-मेलवर नोंदलेले होते आणि तो केव्हाच गाव सोडून गेला होता. स्मरणपत्रे येत होती, पण न उघडल्या जाणाऱ्या पेटीत. पुस्तकांच्या यादीच्या जागी एके सकाळी जाहिरातींचे पान दिसले, तेव्हा धावपळ सुरू झाली. विक्रेत्याने नेहमीच्या शुल्काच्या कितीतरी पट दंड सांगितला आणि नोंद कार्यवाहांच्या नावावर करण्यासाठी ठरावाची प्रत तीन वेळा परत पाठवली. नाव मिळाले, पण दिवाळी अंकांचे पैसे त्यात गेले.

नियम असे आहेत. मुदतीपूर्वी साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी, आणि नंतर पाच दिवसांच्या आत एकदा, स्मरणपत्र पाठवणे रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. मुदतीनंतर बहुतेक सर्वसाधारण नावांना ४५ दिवसांपर्यंत नूतनीकरणाची सवलत असते, पण ती किती द्यायची हे रजिस्ट्रारवर असते. नाव काढल्यावर ३० दिवस दंड भरून परत घेता येते, त्यानंतरचे पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि मग ते सर्वांना खुले होते. नोंद संस्थेच्या नावावर आणि ई-मेल पदाच्या नावाने असावा, व्यक्तीच्या नाही. पदाधिकारी बदलले की दप्तराबरोबर त्या ई-मेलचा पासवर्डही हाती द्यावा.

प्रश्न : मराठीत डोमेन नाव घेता येते का?

येते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी ‘डॉट भारत’ सुरू झाले आणि त्यात मराठी व कोंकणीसह आठ भाषांची सोय आहे. डीएनएसला आतून मात्र अजूनही रोमन अक्षरेच कळतात, म्हणून प्रत्येक देवनागरी नावाचे ‘एक्सएन’ने सुरू होणारे एक सांकेतिक रूप तयार होते. ब्राउझरमध्ये हे नीट चालते, पण अनेक अर्जांच्या रकान्यांत देवनागरी ई-मेल अजूनही ‘अवैध’ ठरतो. नावांत कोणती अक्षरे चालतील हे भाषेच्या जाणकारांच्या गटांनी बसून ठरवावे लागते. ‘ळ’ हवाच. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ हिंदी लिहिणाऱ्याला लागत नाही, आपल्याला लागतो. शिवाय दिसायला सारखी पण संगणकाला वेगळी वाटणारी जोडाक्षरे फसवणुकीची दारे उघडू शकतात. अशा गटांत मराठीकडून कोणी बसले नाही, तर मराठीचे अक्षर दुसरा कोणी ठरवतो.

प्रश्न : हे सगळे सरकारांच्या हाती दिले तर अधिक बरे होणार नाही का?

देशनावांपुरते ते बऱ्याच ठिकाणी तसेच आहे. डॉट इनची वही निक्सी या ना-नफा कंपनीकडे आहे आणि तिच्यावर केंद्र सरकारचे नियंत्रण आहे. सबंध रूटचा प्रश्न वेगळा आहे. ‘डॉट अ‍ॅमेझॉन’ या नावासाठी कंपनीने २०१२ मध्ये अर्ज केला, तेव्हा ब्राझील आणि पेरू यांनी नदीचे आणि प्रदेशाचे नाव म्हणून हरकत घेतली. २०१४ मध्ये अर्ज फेटाळला गेला, २०१७ मध्ये स्वतंत्र पॅनेलने तो निर्णय टिकत नसल्याचे सांगितले आणि २०२० मध्ये नाव कंपनीला मिळाले. सरकारांचे म्हणणे ऐकले गेले, पण त्यांना नुसता नकाराधिकार चालवता आला नाही. कारण द्यावे लागले आणि ते अपुरे पडले. नदीकाठच्या लोकांच्या बाजूने आमची सहानुभूती असूनही, कारण मागणारी पद्धत आम्हाला कारण न मागणाऱ्या पद्धतीपेक्षा बरी वाटते.

प्रश्न : सामान्य माणसाला यात बोलता येते का?

आयकॅनच्या मोठ्या प्रस्तावांवर जाहीर सूचना मागवल्या जातात; त्यासाठी सदस्यत्व किंवा शुल्क लागत नाही. सूचना इंग्रजीत असल्यास लवकर वाचली जाते, हे कटू असले तरी खरे आहे. बैठका दूरस्थ पद्धतीने पाहता येतात, त्यांत प्रश्नही विचारता येतो, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी प्रवासखर्चाची फेलोशिप असते. डॉट ऑर्गच्या किंमतमर्यादेवरील त्या तीन हजारांहून अधिक सूचना २०१९ मध्ये बाजूला ठेवल्या गेल्या होत्या, पण त्या नोंदीत राहिल्या आणि वर्षभराच्या आत विक्रीविरोधी मोहिमेला त्याच कामी आल्या.